ॲपवर स्टेज 'एव्हिडन्स' दिसतेय. म्हणजे आमची केस नेमकी कुठवर आली?

बागवाला_पोरगा

राम राम मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, द्राक्षबागवाले. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही. जून २०२२ मध्ये बांधावरनं भांडण झालं आणि भावकीतल्या एकानं आमच्या अण्णांच्या डाव्या हातावर पहार घातली. कोपराखालचं हाड मोडलं, प्लेट बसवली. फिर्याद अण्णांची. कलमं ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी), आरोपी तिघं. त्यांनी त्याच दिवशी आमच्यावर एनसी (अदखलपात्र तक्रार) दिली, ती तिथंच राहिली.

पोलिसांनी दोषारोपपत्र टाकलं त्याला तीन वर्षं होत आली. मी कोर्टाच्या ॲपवर सोळा अक्षरी नंबर घालून बघत असतो. आधी बरेच दिवस कुणाकुणाच्या वॉरंटचं काहीतरी दिसायचं, मग 'चार्ज' आलं, आता 'एव्हिडन्स' आलंय आणि परवा हवालदार अण्णांच्या नावाचं समन्स देऊन गेला. तारीख नेमकी फळछाटणीच्या आठवड्यात.

अण्णांचं वय ६७. त्यांनी समन्स दोनदा वाचलं. वर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं आहे. म्हणाले, "हात माझा मोडला, मग नाव शासनाचं कसं? आणि आपला वकील कोण?" मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं. आता पुढं काय काय होणार, अजून किती पायऱ्या राहिल्या, आणि आपण वकील द्यायचा का नाही?

काळाकोट_सातारा

धागाकर्ते, साताऱ्यात फौजदारी बाजूला वकिली करतो. तुमच्या केसबद्दल सल्ला देत नाही, कागद पाहिलेले नाहीत. पण रस्ता कसा जातो ते सांगतो.

अण्णांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. दिवाणी दाव्यात वादी मी आणि प्रतिवादी तू, भांडण आपलं दोघांचं. फौजदारीत गुन्हा शासनाविरुद्ध धरतात. फिर्यादीनं फिर्याद देऊन चाक फिरवायचं, नंतर गाडी सरकार हाकतं. म्हणून कोर्टाच्या लेखी अण्णा पक्षकार नाहीत, साक्षीदार आहेत. बहुतेक साक्षीदार क्रमांक १. त्यांच्या बाजूनं उभा राहणारा माणूस म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता, आपण सगळे ज्याला सरकारी वकील म्हणतो तो. खासगी वकील दिला तर तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो, पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवादही देऊ शकतो. मॅजिस्ट्रेट कोर्टात ३०२ कलमाखाली स्वतः केस चालवायची परवानगीही मागता येते, पण ती कोर्टाच्या मर्जीवर.

कायदा कुठला, हा घोळ सध्या सगळीकडे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तुमची घटना २०२२ ची, म्हणून गुन्ह्याला भादंवि, म्हणजे जुनं भारतीय दंड विधानच लागू. आणि त्या तारखेला जे खटले चालू होते ते जुन्याच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पुढं चालतात. म्हणून तुमच्या केसमध्ये वकील ३१३, ३११ असे जुने आकडे बोलतील. गोंधळू नका.

आता पायऱ्या. फिर्याद झाली, तपास झाला, दोषारोपपत्र आलं. मग कोर्टानं दखल घेतली, आरोपींना बोलावलं, त्यांना कागदांच्या नकला दिल्या. आरोपीला या टप्प्यावर 'या कागदांत माझ्याविरुद्ध काहीच नाही' असा अर्ज देता येतो. तो मंजूर झाला तर 'दोषमुक्त'. शेवटी पुरावा ऐकून सोडलं तर 'निर्दोष मुक्तता'. आपल्याकडचे बातमीदार दोन्हीला एकच शब्द वापरतात आणि माझं डोकं फिरतं. दोषमुक्त म्हणजे खटला उभाच राहिला नाही. निर्दोष म्हणजे खटला चालला आणि गुन्हा शाबीत झाला नाही.

तसं काही झालं नाही तर कोर्ट दोषारोप निश्चित करतं. आरोपीला मराठीत वाचून दाखवतात, 'गुन्हा कबूल आहे का?' विचारतात. तो 'नाही' म्हणतो. तुमच्या तीन वर्षांतला मोठा भाग इथवर येण्यात गेला असणार. आरोपी तिघं म्हणजे एक हजर तर दुसरा गायब, त्याचं वॉरंट, ते रद्द करून घेण्याचा अर्ज, मग पुढची तारीख.

'एव्हिडन्स' म्हणजे आता खरी केस सुरू झाली. याआधी जे होतं ते सगळं कागद होतं. पोलिसांपुढचे जबाब, पंचनामे, दाखले यांतलं काहीही आपोआप पुरावा होत नाही. माणसानं पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगायचं, समोरच्या वकिलानं उलटतपास घ्यायचा, तेव्हा तो पुरावा.

त्यानंतर ३१३ चा जबाब (कोर्ट स्वतः आरोपीला विचारतं तो), आरोपीला द्यायचा असेल तर बचावाचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. दोषी ठरला तर शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं ऐकतात. ३२६ ला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली असली तरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला स्वतः तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. जास्त द्यावी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं, तिथं मर्यादा सात वर्षं. गावात 'त्याला जन्मठेप लागणार' असं कुणी सांगत असेल तर कानाआड करा.

निवृत्त_जमादार

वकीलसाहेबांनी छान मांडलंय. मी बत्तीस वर्षं खात्यात काढली, शेवटची सहा पैरवीला. म्हणजे समन्स बजावायचं, साक्षीदार कोर्टात हजर ठेवायचा, मुद्देमाल आणायचा. निकाल लागताना मी मागच्या भिंतीला टेकून उभा असायचो. किती केसेस सुटताना पाहिल्या त्याला हिशोब नाही.

केस कोर्टात सुटते असं लोक म्हणतात. मी म्हणतो ती पहिल्या दोन दिवसांत सुटलेली असते, कळतं पाच वर्षांनी.

फिर्याद कशी लिहिली जाते ते सांगतो. माणूस रक्तबंबाळ, नातेवाइकांचा गलका, ठाणे अंमलदाराला त्याच वेळी दुसरा फोन. 'समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्यादी जबाब देतो की' इथपासून 'माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो वाचून पाहिला, बरोबर आहे' इथपर्यंत. ते 'वाचून पाहिला' फार थोड्यांच्या बाबतीत खरं असतं. चष्मा घरी राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी आठवतं की अरे, धाकट्यानं मला धरून ठेवलं होतं ते सांगायचं राहिलं. मग पुरवणी जबाब. आणि पुरवणी जबाब म्हटला की बचावाच्या वकिलाला गुळाची ढेप सापडली. 'हे तुम्ही मूळ फिर्यादीत का सांगितलं नाही?'

दुसरी गोष्ट पंच. पंचनाम्याला पंच लागतात दोन. सकाळी सातला शेतात पंच कोण मिळणार? चहाच्या टपरीवरचा, दूध घालायला निघालेला. चार वर्षांनी तो कोर्टात येतो आणि सांगतो, 'सही माझी आहे, मजकूर माहीत नाही.' झालं. पंच फुटला. त्याचाही फार दोष नाही. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

अण्णांना सांगा: साडेदहाला पोचा. आधार कार्ड आणि समन्स जवळ ठेवा. सरकारी वकिलांना भेटून 'मी अमक्या केसमधला फिर्यादी' सांगा, फिर्याद एकदा वाचायला मागा. पाठ करू नका. पुकारा झाला की आत. पहार मुद्देमालातनं आणून दाखवतील, लेबलसकट. नीट बघून मग 'हीच' म्हणा. पहारी सगळ्या सारख्याच दिसतात.

आणि त्या केसमधले बाकीचे साक्षीदार असतील तर त्यांनी बाहेर थांबायचं. आत बसून दुसऱ्याची साक्ष ऐकायची नाही.

बागवाला_पोरगा

जमादार काका, मनापासून आभार. माझं नाव साक्षीदारांच्या यादीत नाही. मी घटनेच्या वेळी तिथं नव्हतोच, औषध फवारणीवर दुसऱ्या रानात होतो. ओरडा ऐकून आलो आणि अण्णांना गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. म्हणून आत बसायला हरकत नसावी.

माणदेशी_गडी

भावा, येक सांगू का? लय शिकलेलं बोलत्यात सगळी, पर गावात ऱ्हायचंय न्हवं तुला? मिटवून टाक. आमच्याकडं बांधाच्या केशीत दोन्ही पार्ट्यांची रानं वकिलाकडं गेली आन् बांध हाय तिथंच हाय. त्यावर आता बाभळ उगवलीया.

काळाकोट_सातारा

@माणदेशी_गडी, बाभळीचं पटलं. पण 'मिटवून टाक' म्हणणं सोपं आहे. ३२५ (घातक हत्याराविना गंभीर दुखापत) असतं तर जखमी माणसाला कोर्टाच्या परवानगीनं तडजोड करता येते. ३२६ तडजोडीच्या यादीत नाही. मग पर्याय दोन. एक, दोघांनी मिळून उच्च न्यायालयात खटला रद्द करायला अर्ज करायचा. दोन, जे सर्रास चालतं ते, म्हणजे फिर्यादीनं पिंजऱ्यात उभं राहून 'मला काही आठवत नाही' म्हणायचं. मग सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून त्याचाच उलटतपास घेतात. शपथेवर खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा आहे, हे गावातले मध्यस्थ सांगत नाहीत.

उच्च न्यायालयावरून आठवलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. आधी अशा अर्जासाठी पहाटेची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची. आता सांगलीकराला सकाळी जेवून निघता येतं. आमच्या पिढीतल्या वकिलांना अजून सवय झालेली नाही, बोलताना तोंडात 'मुंबईला फाईल करू' येतं.

सुटलेला_क्लार्क

दुसऱ्या बाजूनं कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. मी आरोपी होतो. सातारा जिल्ह्यात एका पतसंस्थेत क्लार्क. अपहार झाला, संचालकांसकट अकरा जणांवर गुन्हा, त्यात मी नववा. व्हाउचरवर माझ्या सह्या होत्या, कारण सह्या करणं हेच माझं काम होतं.

अटक झाली तेव्हा चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं नेलं. ते घटनेतच आहे, बाविसावं कलम. पोलिसांनी सात दिवस मागितले, चार मिळाले. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, हे मला तिथं कळलं. एमसीआर झाली तेव्हा बायको रडायला लागली आणि वकील हसून म्हणाले, 'वहिनी, ही चांगली बातमी आहे, आता जामीन मागता येतो.' जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन यायला कोण तयार होतो? शेवटी मेव्हण्यानं सासऱ्यांचा विरोध पत्करून सातबारा दिला. त्या उताऱ्याची झेरॉक्स अजून माझ्या पाकिटात आहे.

नंतर नऊ वर्षं. दर तारखेला हजर, नाहीतर हजेरी माफीचा अर्ज. नवी नोकरी मिळाली तिथं दर महिन्याला 'घरगुती काम' म्हणून रजा. दोषमुक्तीचा अर्ज दिला, फेटाळला. बरोबरच फेटाळला म्हणा. त्या वेळी कोर्ट खरं-खोटं ठरवत नाही, फक्त खटला चालवण्याइतकं काही आहे का ते बघतं.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते ३१३. सगळे साक्षीदार संपले की कोर्ट आरोपीला स्वतः प्रश्न विचारतं. तुमच्याविरुद्ध असा असा पुरावा आलाय, काय म्हणायचंय? शपथ नसते. मला छापील प्रश्नांची चळत दिली, शंभराच्या वर. 'साक्षीदार क्र. ४ म्हणतो की निशाणी ६२ वरील सही तुमची आहे, काय सांगायचे आहे?' वकिलांनी आधीच सांगितलं होतं, 'खोटे आहे' नाहीतर 'मला माहीत नाही'. मी सत्तर-ऐंशी वेळा 'खोटे आहे' लिहिलं आणि ६२ वर थांबलो. सही माझीच होती. मी लिहिलं, 'सही माझी आहे, रक्कम मी घेतलेली नाही.' वकील चिडले. निकालात न्यायाधीशांनी नेमकं तेच वाक्य उतरवून घेतलंय.

सुटलो. पेढे घेऊन निघालो तर बाबू म्हणतो, थांबा, जातमुचलका द्या. म्हणे ४३७-अ. सरकार अपिलात गेलं तर वरच्या कोर्टात हजर राहीन म्हणून सहा महिन्यांचा जामीन. निर्दोष सुटलेल्या माणसानंही! पुन्हा मेव्हण्याला फोन.

कृष्णाकाठ

@सुटलेला_क्लार्क, शेवटचा परिच्छेद वाचून हसावं की रडावं कळेना. वाचनखूण साठवली.

लॉ_तिसरं_वर्ष

मी कराडची, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नवीन संहितेत बरंच बदललंय ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर पोलीस वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं. झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, राज्य सरकारांना यासाठी पाच वर्षांची सवड आहे. दोषारोप पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत. निकाल युक्तिवादानंतर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत. आणि तारखा वाढवून मिळतात त्या जास्तीत जास्त दोनच! अशा तरतुदी आधी असत्या तर धागाकर्त्यांची केस केव्हाच संपली असती.

काळाकोट_सातारा

ताई, अभ्यास पक्का आहे, शाब्बास. फक्त 'दोनच तारखा' हे वाक्य परीक्षेत लिहा, कोर्टात म्हणू नका. कायद्यात त्या दोनही 'परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तर'च मिळतात, प्रत्यक्षात मात्र त्या खिडकीतून आमचा अख्खा बार जातो. चित्रीकरणाचं मात्र मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. जमादारांनी सांगितलेला टपरीवरचा पंच फुटला तरी व्हिडिओ फुटत नाही. मोबाइलमधला तो व्हिडिओ कोर्टात शाबीत करायला प्रमाणपत्र लागतं, ते जोडायचं राहिलं तर गोष्ट वेगळी.

माहुलीकर

अवांतर: आमच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. पेशव्याला तोंडावर दोषी ठरवणारा माणूस. आणि जुन्या सातारा जिल्ह्यात (म्हणजे आजची सांगलीसुद्धा, १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळी झाली, १९६० ला सांगली नाव मिळालं) पत्री सरकारची न्यायदान मंडळं होती. चावडीवर बसून भावकीची भांडणं मिटवायची. आपल्याकडे न्यायाला परंपरा आहे एवढंच म्हणायचंय.

लॉ_तिसरं_वर्ष

@माहुलीकर, परंपरा आहे, पण न्यायदान मंडळात आरोपीला वकील होता का? उलटतपास होता का?

माहुलीकर

ताई, वकील नव्हता म्हणूनच निकाल त्याच दिवशी लागत असेल. (काळाकोट, हलकं घ्या.)

बागवाला_पोरगा

हलकंफुलकं चालू द्या, पण एक गंभीर विचारतो. काल बाजारात आरोपीचा मेव्हणा भेटला. म्हणाला, "अण्णांना जपा, वय झालंय, कोर्टात चक्कर-बिक्कर येईल." धमकी म्हणायची की नाही तेच कळेना. आणि दुसरं, आरोपी सुटले तर आपण काय करू शकतो?

काळाकोट_सातारा

वाक्य तारीख-वेळेसह लिहून ठेवा, जवळ कोण होतं तेही. साक्षीदाराला खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. घटना आत्ताची, म्हणून इथं नवीन न्याय संहितेचं २३२ कलम. एवढ्या वाक्यावर गुन्हा दाखल होईल असं नाही, पण सरकारी वकिलांच्या कानावर घाला. साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केलीय, जिल्ह्याच्या पातळीवर अर्ज करता येतो.

सुटले तर: पूर्वी अपील फक्त सरकारनं करायचं. २००९ च्या अखेरीपासून पीडित व्यक्तीला स्वतःला अपिलाचा हक्क आहे. मॅजिस्ट्रेटचा निकाल असेल तर अण्णांचं अपील सांगलीला सत्र न्यायालयात जाईल, कोल्हापूरला नाही.

आता बाकी सगळं सोडा, छाटणीला माणसं लावून द्या आणि तारखेला जा.

निवृत्त_जमादार

आणि अण्णांना सांगा, जे विचारलं तेवढ्याचं उत्तर. माहीत नसेल तर 'माहीत नाही'. वकील आवाज चढवतो ते त्याचं काम, आपण न्यायाधीशांकडं बघून बोलायचं.

बागवाला_पोरगा

आज तारीख झाली. आत्ता घरी आलोय, लिहितो.

साडेदहापासून बाहेरच्या बाकावर बसून होतो. पावणेबाराला पुकारा झाला, आरोपींचे वकील दुसऱ्या कोर्टात म्हणून दुपारी ठेवलं. तीन वाजून गेल्यावर पुन्हा पुकारा. अण्णांनी कोर्टाच्या दाराशी चपला काढल्या, देवळात जाताना काढतात तशा. शिपाई म्हणाला, "आजोबा, घाला, घाला." तरी अनवाणीच गेले. पिंजऱ्यात चढल्यावर टोपी काढावी की ठेवावी तेही कळेना, शेवटी हातात धरली. शपथ घेतली.

सरकारी वकिलांनी सरतपास घेतला. नाव, गाव, रान कुठं, त्या दिवशी काय झालं. अण्णा नीट बोलले. पहार आणून दाखवली. अण्णांनी ती जवळ मागितली आणि टोकाकडून हात फिरवत बघितली. "हिचं टोक एका अंगाला वाकलंय, खडकात घालून वाकवलेलं. हीच." न्यायाधीश मॅडमनी ते तसंच टाइप करायला सांगितलं.

मग उलटतपास. वकील तरुण होते, आवाज अजिबात चढवला नाही. जमादार काका, तुमच्या सूचनेचा उपयोगच झाला नाही, फार गोड बोलले. एक गंमत अशी की वकील विचारायचे, "तुम्ही खोटं सांगताय ना?" अण्णा म्हणायचे "न्हाई", आणि पडद्यावर टाइप व्हायचं, 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' अण्णांना वाटलं आपण खोटी साक्ष देतो असंच लिहिलंय. म्हणाले, "बाई, मी असं बोललोच न्हाई." मॅडमनी दोन मिनिटं थांबून समजावून सांगितलं. तिथं बरं वाटलं.

मग आरोपींच्या वकिलांनी दवाखान्याचा केसपेपर काढला. "तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं?" अण्णा म्हणाले, "मी कुठला सांगतोय, कळा येत हुत्या. पोरानं सांगितलं." "मुलगा घटनेच्या वेळी होता?" "न्हाई, मागनं आला." "केसपेपरवर 'काठीने मारहाण' लिहिलंय, ते मुलानं सांगितलं म्हणून का?" अण्णा गप्प. मग म्हणाले, "त्ये त्याला इचारा." पाच वाजले, उलटतपास अर्धा राहिला. ॲपवर आता 'एव्हिडन्स पार्ट हर्ड' आहे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

मी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होतो, आणि तो कागद निघाला तेव्हा मला त्या सकाळचं दवाखान्यातलं टेबल दिसलं. हिरवं रेक्झिन, कडेला फाटलेलं. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "कशानं मारलं?" आणि मी अण्णांचा हात धरून उभा होतो, खाली बघत म्हणालो, "काठीबिठीनं मारलंय." पहार मी बघितलीच नव्हती. ती पोलिसांनी दुसऱ्या दिवशी आणली. तीन वर्षांत हे एकदाही आठवलं नाही.

बाहेर आल्यावर सरकारी वकील म्हणाले, तुमची साक्ष घ्यावी लागेल असं दिसतंय, ३११ चा अर्ज देऊ. ते काय असतं?

काळाकोट_सातारा

३११ म्हणजे यादीत नाव नसलेल्या माणसालाही कोर्ट कुठल्याही टप्प्यावर साक्षीला बोलवू शकतं.

तुम्ही आत बसून अण्णांची साक्ष ऐकलीत. समोरचे वकील तुम्हाला पहिला प्रश्न त्याचाच विचारतील. विचारू देत, बसला होतात तर 'हो' म्हणा. सरकारी वकिलांनाही उद्याच सांगून ठेवा. काठीचं जसं घडलं तसं त्यांना सांगा, हिरव्या टेबलासकट. अण्णांशी मात्र त्यांच्या साक्षीबद्दल उलटतपास संपेपर्यंत बोलू नका.

आणि आता इथं पुढं एक ओळही लिहू नका.

माणदेशी_गडी

आरं बाबा.

निवृत्त_जमादार

वकीलसाहेब म्हणतात ते ऐका. छाटणी झाली का?

बागवाला_पोरगा

निम्मी झाली काका. थांबतो.

व्यवस्थापन

धागाकर्ते चालू खटल्यात साक्षीदार होण्याची शक्यता असल्याने त्यांच्या विनंतीवरून धागा वाचनमात्र करत आहोत. कायद्याच्या सर्वसाधारण चर्चेसाठी वेगळा धागा काढावा. माहुलीकर आणि लॉ_तिसरं_वर्ष यांनी न्यायदान मंडळांचा वाद तिकडे न्यावा ही विनंती.